आचाऱ्यावरचा अर्ज

आमच्या लोखंडी कपाटांच्या कारखान्यातला आचारी कुणालाच आवडत नसे, आणि त्यालाही कुणी आवडत नसे. एकवीस वर्षं त्यानं साठ माणसांचं जेवण रांधलं, पण कुणाला प्रेमानं दोन घास जास्त वाढल्याचं मी पाहिलं नाही. ताटात कुणी उष्टं टाकलं तर तो त्या माणसाला नावानिशी लक्षात ठेवायचा. सगळे त्याला फौजदार म्हणत.

स्वयंपाकघर मात्र लखलखीत. फडकी रोज उकळलेली, भांडी उपडी घातलेली. प्रत्येक दिवसाच्या जेवणाचा थोडा नमुना झाकणाच्या डब्यात घालून तो दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवायचा. कुणी बोट दाखवलं तर तपासायला असावा म्हणून.

वेल्डरशी त्याचं वाजलं ते भातावरून. वेल्डर अंगानं दांडगा, तिसऱ्यांदा भात मागायला आला. आचारी म्हणाला, "अरे, पोट आहे की आपलं सहा फुटी कपाट? मधे फळ्या तरी टाकून घे!" सगळी रांग खो खो हसली. वेल्डर हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो घरून डबा आणू लागला.

हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तेव्हाच साथ सुरू झाली होती. एकत्र जेवणं बंद झालं. आचाऱ्यानं ताटं टेबलावर मांडून खिडकी लावून घ्यायची आणि ज्यानं त्यानं ताट उचलून आपल्या कामाच्या जागी जायचं. मी गेटवर वॉचमन होतो. माझं काम वाढलं. येणाऱ्याच्या कपाळासमोर यंत्र धरायचं, ताप आहे का, खोकला आहे का विचारायचं, आणि आत येणारी प्रत्येक पिशवी, बाटली, डबा पुसून वहीत लिहायचा. पोटाचं विचारा असं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही ते सुचलं नाही.

एका मंगळवारी सात जणांना जुलाब लागले. दोघांना उलट्याही झाल्या. ताप एकालाही नव्हता. दुपारी सगळे स्वयंपाकघरासमोर जमले. पुढे वेल्डर, पोट धरून.

"काय घातलंस रे जेवणात?"

"मीठ," आचारी म्हणाला. "तुम्हाला थोडी लाज घालायची राहिली."

"हसतोस काय! माणसं मरतील इथं."

"मग मरू नका, चाचणी करा. माझी बायको दवाखान्यात आया आहे. ताप नाही, खोकला नाही, नुसतं पोट वाहतंय म्हणून माणसं येतात आणि निघतो कोरोना. काहींना चार-पाच दिवसांनी धाप लागते. आधी नाकात काडी घालून या, मग माझ्याशी भांडा."

"वा रे फौजदार! नासकं तू खायला घालणार आणि नाव रोगाचं?" वेल्डर म्हणाला. "मी चाचणीला गेलो की तू सुटलास, होय ना? मेलो तरी जाणार नाही."

त्याच दिवशी आचाऱ्याला काढा म्हणून अर्ज झाला. एकोणीस सह्या, पहिली वेल्डरची. मॅनेजरसाहेबांनी फ्रीजमधले नमुने स्वतःच्या हातानं मोरीत ओतले.

"साहेब, तेवढं तरी तपासायला पाठवा हो," आचारी म्हणाला. त्याला विनवणी करताना मी तेवढं एकदाच ऐकलं.

"सगळ्या लॅब साथीत बुडाल्यात. तुझी भाजी चाखायला कुणाला वेळ आहे?" म्हणून साहेबांनी स्वयंपाकघराला कुलूप लावलं.

मी मागे उभा होतो. वेल्डरच्या नावापुढे त्या सकाळीही मी 'एक डबा' लिहिलं होतं, आणि त्याआधी दोन महिने रोज. आजारी पडलेल्यांत आणखी दोघे घरून डबा आणणारे होते. पण एवढ्या माणसांत आपण कशाला बोला, वेल्डरला राग येईल, शिवाय त्यानं इथलं काही चाखलं नसेल कशावरून, असं वाटून मी गेटवर परत गेलो.

वेल्डरनं चार दिवस औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या. पाचव्या दिवशी त्याला जिना चढवेना. दवाखान्यात नेलं तेव्हा चाचणी झाली आणि लगेच ऑक्सिजन लावला. ते ऐकून बाकीचे सहा जण धावत गेले. पाच जणांना कोरोनाच निघाला. ते वेळेत गेले आणि बरे झाले. वेल्डर अठराव्या दिवशी गेला.

आता तरी आचारी सुटेल असं मला वाटलं होतं. उलटंच झालं. मेलेल्या माणसाची सही असलेला अर्ज खोटा म्हणायला कुणी तयार होईना. चौकशीला अंगणात लांब लांब खुर्च्या मांडल्या. रंगारी म्हणाला, "रोग असेल साहेब, पण आधी यानंच त्याचं पोट नासवलं. म्हणून तर रोगानं धरलं!" माना डोलल्या. आचारी जमिनीकडे बघत होता.

तेव्हा मी वही नेऊन साहेबांपुढे ठेवली.

ते पानं उलटत राहिले. रंगाऱ्यानं वाकून पाहिलं आणि माझ्याकडे वळला. "काका, मेलेल्या माणसाचा डबा उघडायला बसलात? या वयात शोभतं का?"

साहेबांनी अर्ज फेटाळला, सोमवारपासून कामावर ये म्हणाले.

जाताना आचारी गेटवर थांबला. आभार मानेल असं वाटून मी आधीच "अहो, त्यात काय" म्हणालो.

"ही वही त्या मंगळवारी कुठं होती?"

"इथंच."

"मग तेव्हा तोंडात काय गुळणी धरली होती? 'हा इथलं जेवतच नाही' एवढं एक वाक्य बोलला असतात, तर त्याला भांडायला जागाच उरली नसती. पाय आपटत का होईना, गेला असता चाचणीला. माझं काय, मी कुठंही भात शिजवला असता."

तो निघून गेला. पुढे तीन वर्षं मी तिथं होतो, तो माझ्याशी कामापुरतंही बोलला नाही. मी निवृत्त झालो त्या दिवशी सगळे निरोप द्यायला आले, तो आला नाही. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.