बोहणीची नक्कल

आम्ही हसवणारी माणसं एकत्र जमलो की थोड्या वेळाने गाडी हमखास एकाच विषयावर येते: पहिल्यांदा कोण कसा पडला. कुणी पाठ केलेलं सगळं विसरलेला असतो, कुणाच्या मिशीने ऐन वेळी दगा दिलेला असतो, कुणाला हात धरून खाली उतरवलेलं असतं. सगळे पोट धरून हसतात. माझी पाळी आली की मी माशीची गोष्ट सांगतो. ती खरीच आहे. पण ती सांगायचं कारण एवढंच की मग दुसरी सांगावी लागत नाही.

आमचं गाव तारापूरच्या दक्षिणेला, समुद्रकाठी. बाप दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता. मी थोरला, म्हणून माझीही जागा होडीवर ठरलेली. पण मला बोट लागायची. किनारा नजरेआड व्हायच्या आत माझं पोट वर यायचं. दोन हंगाम वाट पाहून होडीच्या तांडेलाने बापाला सांगून टाकलं, "याला घरीच ठेव. हा पोर पान्यातला नाय." कोळ्याच्या पोराला बोट लागते यावर गाव वर्षभर हसलं. लोकांना हसवायला मी तिथूनच सुरुवात केली म्हणा ना.

मग मी पालघरच्या एका भाताच्या गिरणीत लागलो. आई पालघरच्याच बाजारात सुकी मासळी विकायची, बोंबील आणि जवळा. सकाळची एस्टी आम्ही दोघं मिळून धरायचो. पाटी टपावर, आई पुढच्या बाकावर आणि मी तिच्यापासून दोन बाकं मागे. कपड्यांना वास लागला की गिरणीतले नाक मुरडायचे, हे कारण मी तिला कधी सांगितलं नाही. तिनेही कधी विचारलं नाही.

गिरणीच्या मुकादमाकडे जुनी मासिकं यायची. त्यातले विनोद मी पाठ केले आणि गावातल्या सत्यनारायणाच्या पूजेला दुपारी उभा राहिलो. साठीचं दशक निम्मं सरलं असेल. आमच्याकडे तोवर एकट्याने उभं राहून बोलणारा माणूस म्हणजे एक तर पुढारी, नाही तर प्यालेला. मी हॉटेलातल्या गिऱ्हाइकाचा विनोद सांगितला. चहात माशी पडलेली, गिऱ्हाईक वेटरवर ओरडतंय, वेटर त्याला उलट उत्तर देतोय. सांगून झाल्यावर मी थांबलो. सगळे माझ्याकडे बघत होते. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने अगदी कळवळून विचारलं, "मंग ती माशी काडली का नाय?"

मला पुढचं काही आठवेना.  आई समोरच बसली होती आणि माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली होती. तिच्याकडे बघता बघता कसं कोण जाणे, माझ्या तोंडून तिचंच बोलणं बाहेर पडलं. मी तिची बोहणी करायला लागलो.

बोहणी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. आमच्या बायकांचा सगळा दिवस तिच्यावर चालतो. पहिलं गिऱ्हाईक पाटीजवळ आलं आणि काही न घेता गेलं तर दिवस बुडाला, मग पाटीत सोनं का असेना. म्हणून आई पहिल्या गिऱ्हाइकाला सोडायची नाही. तो वळला की त्याच्या सदऱ्याचं टोक पकडायची. आधी त्याला गोड बोलायची, मग शपथ घालायची, मग त्याच्या बायकोला मासळी रांधता येत नसेल अशी शंका काढायची, आणि शेवटी तो म्हणेल त्या भावाने देऊन टाकायची. मग ते नाणं पाटीला लावायचं, कपाळाला लावायचं आणि त्याला पोराबाळांसकट आशीर्वाद द्यायचा.

हे सगळं मी केलं. गाव असं हसलं की पूजेचे भटजीसुद्धा आत जायचे थांबले. आई पदरात तोंड घालून हसत होती. घरी आल्यावर तिने माझी चूक काढली. "उजव्या हातानं नाय धरत मी. उजवा पाटीवर असतो. डाव्यानं धरते, बग असा." आणि माझा सदरा डाव्या हाताने धरून तिने मला दाखवलं. चार दिवस ती मला शिकवत होती. तांदूळ निवडता निवडता मध्येच थांबून म्हणायची, आता परत कर. माझ्या आयुष्यातले ते फार चांगले दिवस होते.

गिरणीच्या मुकादमाच्या ओळखीने मला पालघरच्या एका गणेशोत्सवात पंधरा मिनिटं मिळाली. संध्याकाळचा कार्यक्रम, समोर मास्तर, कारकून, त्यांच्या बायका, पुढे खुर्च्या, मागे उभी राहिलेली तरुण मुलं. इथे मी माशीच्या वाटेला गेलोच नाही. थेट बोहणी काढली. पहिला हशा आला आणि मला तो कमी वाटला. म्हणून मी तिच्यात भर घातली. ती कधी थुंकायची नाही, मी थुंकलो. ती कधी कमरेत वाकून चालायची नाही, मी वाकलो. नाक शिंकरलं, मांडी खाजवली. प्रत्येक वेळी हशा वाढत गेला. गावात मी आईची नक्कल केली होती. पालघरला मी आईला विकलं. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

कार्यक्रम संपल्यावर अध्यक्षांनी माझ्या पाठीवर हात ठेवून माईकवर विचारलं, "ही कोळीण तुम्हाला भेटली तरी कुठे?"

मी छाती फुगवून सांगितलं, "माझी आईच आहे. तुमच्याच बाजारात बसते, पिंपळाखाली."

दोन दिवसांनी सकाळी तीन-चार तरुण पिंपळाखाली आले. चांगल्या घरचे, इस्त्रीचे कपडे घातलेले. एकाने बोंबील उचलून वास घेतला, भाव विचारला, नको म्हणून वळला. आईने डाव्या हाताने त्याचा सदरा धरला. ते सगळे टाळ्या पिटत ओरडले, "अगदी तश्शीच!" आणि हसत हसत काही न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुसरे आले. तिसऱ्या दिवशी पहिल्यांनी आणखी दोघांना दाखवायला आणलं. मुलं वाईट नव्हती. त्यांना तो खेळ वाटत होता. बोहणी मोडली म्हणजे काय मोडलं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मी तर त्यांना ती हसायची गोष्ट म्हणूनच दाखवली होती. आठवडाभरात आईने सदरा धरणं सोडलं. मग हाक मारणंही सोडलं. हाक मारली की पलीकडच्या दुकानातून कुणी तरी तिच्याच आवाजात ओ द्यायचा. ती हात मांडीवर ठेवून गप्प बसायला लागली. गप्प बसलेल्या बाईची सुकी मासळी कोण घेतो? मासवणकडच्या खेड्यांतल्या बायका ठरून तिच्याचकडे यायच्या, पण त्या चालत येणाऱ्या, त्यांना उशीर व्हायचा. त्या येईपर्यंत दिवस बुडालेला असायचा आणि ती त्यांच्याशीही धड बोलायची नाही.

तिने मला एका शब्दाने दुखवलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी माझ्या परीने खटपट केली. गिरणीत जायच्या आधी मीच पाटीसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "आये, मना दे पावशेर जवला. मी पयला गिराक."

तिने माझ्या हातातल्या नाण्याकडे बघितलं. "घरचा पैसा घरात येतो, पोरा. त्याला बोहणी नाय म्हनत." तिचं खरं होतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी मी गेलो होतो.

मग मी त्या तरुणांना गाठलं. हात जोडले. म्हटलं, तिचा दिवस वाया जातो, असं करू नका. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि एकाला हसू फुटलं. "काय रडका चेहरा करतो रे! पुन्हा कर." मी पुन्हा सांगितलं. ते आणखी हसले. मी चिडलो तर त्यांना चिडणंही आवडलं. माझं तोंडच आता त्यांच्या लेखी माझं राहिलं नव्हतं.

शेवटी मला वाटलं, जिथे लावलं तिथेच विझवावं. दसऱ्याच्या सुमारास पालघरलाच आणखी एक कार्यक्रम होता. मी नक्कल केली नाही. माईकसमोर सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, माझ्या आईची बोहणी मोडू नका. ती सकाळी अंधारात उठते. तुम्ही रिकामे गेलात की ती दिवसभर जेवत नाही." माझा आवाज फाटला.  मग मागून कुणी तरी खिंकाळलं आणि अख्खा मंडप उठला. इतका मोठा हशा मला त्याआधी मिळाला नव्हता आणि नंतरही क्वचितच मिळाला. उतरताना एक मास्तर मला म्हणाले, हे नवीन छान बसवलंय. मी त्यांना नमस्कार केला आणि शेवटची एस्टी पकडली.

आईने पालघर सोडलं. मला न विचारता ती बोईसरला बसायला लागली. तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम तेव्हा जोरात होतं आणि बोईसर स्टेशनाच्या आसपास कुठकुठली माणसं येऊन राहिली होती, सालवडला, सरावलीला, मिळेल त्या खोलीत. त्यांच्या हिंदीतलं तिला अक्षर कळत नव्हतं. पण तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि तिला तेवढंच हवं होतं.

महिन्याभरात तिचा आवाज परत आला. एका संध्याकाळी चुलीपुढे बसून तिने आपण होऊन सांगितलं की सकाळी एक दाढीवाला वेल्डर भाव करून निघाला होता, तिने त्याचा सदरा धरला, तर तो हसून म्हणाला, "बोहनी है क्या, माई?" आणि घेऊन गेला. "त्यांच्यात पन बोहणी हाय," ती म्हणाली. तिला त्याचं फार नवल वाटलं होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिथं बरं हाय. तिथं माजा कार्यक्रम झाला नाय."

मी म्हणालो, "होनार पन नाय." तिने माझ्याकडून वचन मागितलं नव्हतं. मीच दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात सरावलीच्या बाजूला कामगारांच्या खोल्यांत पूजा होती. रविवारची दुपार, पत्र्याची शेड, खाली ताडपत्री. मला बोलावणं आलं. नाही म्हणायला हवं होतं. पण गिरणीचं काम सुटायच्या बेतात होतं आणि मला वाटायचं, आता हेच आपलं. मी नवीन विनोद बसवून नेले होते. मराठीत सांगितले तर मूठभर लोक हसले. मोडक्या हिंदीत सांगितले तर तेही हसायचे थांबले. एका रेल्वेच्या तिकीट तपासनिसाची नक्कल केली, ती कुणाची आहे हेच कुणाला कळलं नाही. घामाने सदरा पाठीला चिकटला. मागून कुणी म्हणालं, "उतर जा, भाई." लोक आपापसात बोलायला लागले. दोघे उठून विडी ओढायला बाहेर गेले.

त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं ते मी खूप वेळा आठवून बघितलंय. आईचा चेहरा आठवला होता का? आठवला होता. वचन आठवलं होतं का? तेही आठवलं होतं. पण पडणाऱ्या माणसाचा हात जवळ असेल ते धरतो. माझा डावा हात पुढे झाला, हवेतल्या एका सदऱ्याचं टोक त्याने पकडलं आणि मी तिच्या आवाजात ओरडलो. बोलणं कळायची गरजच नव्हती. बोहणी सगळ्यांच्या देशात होती. बाहेर गेलेले दोघे विड्या टाकून परत आले. मी थुंकलो, वाकलो, नाक शिंकरलं, सगळं केलं. दुसऱ्यांदा करायला लावलं, तेही केलं. त्यांनी मला खांद्यावर घेतलं.

घरी गेल्यावर मी काही बोललो नाही.  पण आमच्या शेजारची बाई सरावलीला भांडी घासायला जायची. तिच्या तोंडून बातमी माझ्या आधीच घरी पोचली होती.

सकाळी मी उठलो तेव्हा पाटी भरून दारात ठेवलेली होती. आई डोक्यावर चुंबळ ठेवून उंबऱ्यात उभी होती. एस्टीची वेळ होत आली होती, पण ती निघत नव्हती. मला वाटलं, आता तरी ती मला बोलेल. मी मान खाली घालून तयार झालो. तिच्या आवाजात राग नव्हता. परक्या गावात उतरलेलं माणूस रस्ता विचारतं तसं तिने मला विचारलं,

"आता कुटं बसू?"