एकदाच खोटी वाजलेली घंटा

आमचा घंटेवाला दाराशी यायचा, पण आत यायचा नाही. उंबऱ्यावर उभा राहून मान वर करायचा, डोळे मिटायचा आणि दोनदा जोरात वास घ्यायचा. मग विचारायचा, "आज क्या जलेगा?"

आमच्या कचेरीत रोज सकाळी खोलीखोलीतून हा प्रश्न ऐकू यायचा. कारकून टिंगल करायचे. एकजण म्हणाला होता, "बड़े साहब का भेजा!" तो हसला नाही. म्हणाला, "वो तो रोज जलता है. और क्या?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. काम एवढंसं, आणि त्याची काळजी डोंगराएवढी.

जयपूरची ती सरकारी कचेरी तीन मजली होती. भिंती दगडाच्या, पण आत सगळा कागद. जिन्याखाली एक पितळी घंटा टांगलेली. आग लागली की ती वाजवायची आणि सगळ्यांनी समोरच्या मैदानात पळायचं. त्या घंटेची राखण हे त्याचं काम. मी तिथं दफ्तरी होतो. फाटक्या फायली शिवायच्या, रजिस्टरं बांधायची. आमच्या साहेबांची बदली झाली तसा मीही सातारा जिल्हा सोडून बायकोला घेऊन तिकडं गेलो. माझी शाळा चौथीपर्यंत. त्यामुळं लिहिलेलं बोलल्यासारखं वाटेल, तेवढं चालवून घ्या.

तो येण्याआधी ती घंटा कुणीही वाजवायचं. उन्हाळ्यात आंधी आली, धूळ धुरासारखी दिसली, की वाजव. थंडीत कुणी टेबलाखाली शेगडी ठेवली, की वाजव. शनिवारी लवकर घरी जायचंय, वाजव. एकदा तर माकडानं दोरीला लोंबकळून वाजवली. शेवटी असं झालं की घंटा कितीही ठणठणली तरी लोक "बंदर होगा" म्हणून चहा पीत बसत.

हे त्याच्या जिवाला लागायचं. "घंटी झूठ बोले तो आदमी बहरा हो जाता है, दफ्तरीजी," म्हणायचा.

त्यानं आल्याआल्या दोरी लाकडी पेटीत घातली. कडी अशी बसवली की माणसाला निघावी, माकडाला निघू नये. शेगड्या सगळ्या मागच्या ओसरीत नेल्या. आणि दिवसभरात कुठं काय पेटणार, याची चौकशी सकाळीच. माझी तर हटकून. बांधणीला खळ लागते, तिकडं तिला लेई म्हणतात. मैदा आणि मोरचूद घालून ती मी स्टोव्हवर शिजवायचो. बुडाला लागली की असा वास सुटायचा की विचारू नका.

"आज लेई चढ़ेगी?"

"चढेगी."

"कितने बजे?"

"बारा बजे."

मग बाराला करपट वास आला तरी तो जागचा हलायचा नाही. नियमच होता त्याचा: "पैली नाक, फेर आँख, फेर हाथ." आधी हुंगा, मग जाऊन बघा, मग दोरीला हात लावा. चार-पाच वर्षं घंटा एकदाही खोटी वाजली नाही.

ती वाजवायला लावली मी.

बायको दुपारी डबा घेऊन यायची आणि फाटकाजवळच्या लिंबाखाली बसायची. मी खाली जाऊन जेवायचो. त्या दिवशी खळ नुकती उकळायला लागली होती, ढवळणं सोडता येईना. तिला वर बोलवावं म्हणून खिडकीत गेलो, तर ही पाठ करून एका भाजीवालीशी बोलत उभी. आमच्याकडं तेव्हा बायकोला नावानं हाक मारत नसत. 'अगं' हेच तिचं नाव. मी छाती भरून ओरडलो, "अगंऽऽ! अगं एऽऽ!"

खाली जिन्याशी त्याच्या कानात गेलं ते 'आग'. वेळ बाराची. माझा स्टोव्ह पेटलेला त्याला ठाऊक. ओरडणारा मीच. ना नाक, ना आँख. सरळ हात.

सगळी इमारत धडाधडा जिन्यावरून उतरली. त्या गर्दीत म्हातारे हेडक्लार्क पडले, मनगट मोडलं. आणि सगळे खाली पळत होते तेव्हा हा एकटा वर पळत होता, दोन्ही हातांत वाळूच्या लाल बादल्या घेऊन. माझ्या दारात येऊन उभा राहिला. पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आला.

"कहाँ है?"

"क्या?"

"आग! आप चिल्लाए ना?"

मी पळी हातात घेऊन उभा. काय झालं ते मला लख्ख कळलं. आणि मी म्हटलं, "मालूम नहीं." खोटं कशाला सांगू? घाबरलो. नोकरी मलाही हवी होती.

तिथल्या बड्या साहेबांनी त्याला उभं करून झापलं. आठवड्याच्या शेवटी त्याला काढायचं, पेटी उपटायची, घंटा पूर्वीसारखी कुणाच्याही हाती द्यायची, असा हुकूम झाला. त्यानं माझं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाला, "मेरे कान ने धोखा दिया, हुज़ूर."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला.

"मलाच हाक मारलीत ना? मग त्यात चोरी कसली?"

"साहेब काय म्हणतील?"

"म्हणू देत. तो माणूस तुमच्यासाठी वाळू घेऊन वर धावला आणि तुम्ही 'मालूम नहीं' म्हणालात? उद्या जा नि सांगा. नाहीतर डबा मी त्यालाच देईन, तुम्ही खळ खा."

गेलो. हे बडे साहेब उत्तरेकडचे, त्यांना पटेना. "बीवी को आग बोलते हो?"

"आग नहीं साब, अगं."

"बोलके दिखाओ."

मी हळूच म्हटलं, "अगं."

"ऐसे नहीं. कल जैसे बोला था, वैसे."

मग काय, डोळे मिटले आणि दिली हाक. बाहेर खुर्च्या सरकल्या, दोघेजण जिन्याच्या दिशेनं पळत सुटले. साहेब हसले, समोरचा हुकमाचा कागद फाडला आणि नंतर मला अर्धा तास फैलावर घेतलं. हेडक्लार्क मात्र पुढं कधी माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांचं बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला. उंबऱ्यावरच. मान वर, वास. "दफ्तरीजी, बाईसा का नाम क्या है?"

"क्यूँ?"

"नाम से बुलाओ. इस इमारत में 'अगं' बंद."

मी म्हटलं, आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. म्हणाला, "हमारे में भी नहीं लेते. पर घंटी का मामला है."

त्या दुपारी मी खिडकीतून ओरडलो, "सगुणे!" दोनदा ओरडलो तरी तिनं बघितलं नाही. माहेर सुटल्यापासून कुणी तिला तसं हाकारलंच नव्हतं. तिसऱ्यांदा मान वर केली आणि पदर तोंडावर धरला. वर आल्यावर मला बोलली, "सगळ्या जयपुरानं ऐकलं की हो!" पण दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधीच लिंबाखाली येऊन बसली.

पुढं एका उन्हाळ्यात विजेच्या तारेतून खरंच ठिणगी उडाली आणि मधल्या मजल्यावरचे गठ्ठे पेटले. घंटा वाजली. कुणी "बंदर होगा" म्हटलं नाही. चहाचे कप अर्धे टाकून लोक उठले. हेडक्लार्क सगळ्यात पुढं. कागद पुष्कळ जळाला, माणूस एकही नाही. तो मैदानात धुरानं काळवंडलेल्या तोंडानं माणसं मोजत उभा होता. आम्ही शाबासकी दिली तर म्हणाला, "मैंने क्या किया? आप लोग उठे, बस."

नोकरी संपल्यावर तो बगरूला आपल्या घरी गेला. एकदा आम्हाला भेटायला आला. उंबऱ्यावर थांबला, मान वर केली आणि रामराम करायच्या आधीच म्हणाला, "बाईसा, दाल लग रही है." ही धावली. खरंच वरण लागत होतं.

त्यानंतर तो दिसला नाही. वर्षभरानं त्याच्या मुलाचं पत्र आलं, तो गेल्याचं. बायकोनं त्या दिवशी जेवण केलं नाही.

आता तीही गेली. तिला नेलं त्या सकाळी, का कोण जाणे, मला त्याचा तो उंबऱ्यावरचा रोजचा प्रश्न आठवला. आणि मी त्याला मनातल्या मनात शिवी दिली.

परवा वरण चुलीवर ठेवून मी बसलो होतो. केव्हा करपलं कळलं नाही. धूर डोळ्यांत गेला तेव्हा तोंडातून निघालं, "अगंऽऽ!" एकेकाळी या एका हाकेनं तीन मजली इमारत रिकामी झाली होती. इथं कुणी उठलं नाही. मीच उठलो, पातेलं उतरवलं.

पैली नाक, म्हणायचा तो. नाक चोंदलेलं होतं माझं. सकाळपासून.