रमवाल्याची नक्कल

दारूवर लिहितोय म्हणल्यावर तुम्ही सरसावून बसला असणार. आता हा सांगणार, पहिला पेला कुठं मारला, गटारात कसा पडला आणि शेवटाला देवासमोर शपथ कशी घेतली. तसलं काय नाही. मी थेंबसुद्धा घेतलेली नाही. दारूची भरलेली बाटली मी जन्मात एकदाच हातात धरली, ती पण ओतून टाकायला. हसायला बसला असाल तर आत्ताच काय ते हसून घ्या, पुढं सोय नाही.

सांगलीत इंग्रजी पाचवीपर्यंत गेलो. मास्तरांच्या नकला मास्तरांच्या पाठीमागं करायच्या असतात, मी एकदा पुढ्यात केली, म्हणून शाळा सुटली. मग माधवनगरला कापडाच्या गिरणीत लागलो. तिथं जेवणाच्या सुट्टीत माझा खेळ चालायचा. आमचा मुकादम जॉबर करून झाला, कारकून करून झाला, पण सगळ्यात जास्त मागणी होती ती माझ्या तीन दारुड्यांना.

पहिला शिंदीवाला. तो हसतो. दिव्याच्या खांबाला मिठी मारून म्हणतो, "पाव्हणं, जेवल्याबिगार जायचं न्हाई." दुसरा हातभट्टीवाला. तो भांडतो. स्वतःच्याच सावलीला म्हणतो, "माज्या बांधावर पाय ठेवतूस व्हय रं?" तिसरा व्हिस्कीवाला, वकिलाच्या ओसरीवर बसणारा. तो इंग्रजी बोलतो. "आय से, आय से," एवढंच म्हणतो, कारण पुढं काय म्हणायचं ते त्याला येत नाही.

ज्याची त्याची तऱ्हा वेगळी का, ते आमच्या गिरणीत यंत्रांना तेल घालणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. "शिंदी पहाटंच्या गारव्यात उतरवत्यात, म्हणून ती डोकं गार ठेवती. भट्टीची जाळावर उकळती, म्हणून माणूस उकळतो. आन् व्हिस्की सायबाची, म्हणून ती पिणाऱ्याचा सायब करती." मला ते पटलं होतं. सगळ्यांनाच पटलं होतं.

एक गोष्ट मात्र खटकली. एकदा हातभट्टीवाला करताना मी खरोखरच एका गड्याची गचांडी धरली. कान तापले, छाती धडधडायला लागली, तोंडातनं अशा शिव्या गेल्या की मलाच माहीत नव्हतं मला त्या येतात. चौघांनी मिळून सोडवलं. पोटात नुसती ज्वारीची भाकरी होती. दारू नसताना मला चढली होती. मी ते हसण्यावारी नेलं. त्या दिवशी जरा डोकं चालवलं असतं तर पुढचं टळलं असतं.

लढाई संपली, पलटणीतली माणसं गावोगाव परत आली आणि मागणी बदलली. "आरं, रमवाला करून दाखीव की!" रमवाला माझ्याकडं नव्हता. पण आमच्या घरात एक होता. माझे दाजी, थोरल्या आक्काचे मालक. माण तालुक्यातलं गाव, घरची मेंढरं, आणि चार वर्षं पलटणीत काढून इटलीतनं परत आलेले. आक्काचा निरोप यायचा, रविवारी रम पितात आणि रडतात म्हणून.

गेल्या पंचमीला आक्काला माहेरी आणायला मुराळी म्हणून मी गेलो. खरं सांगायचं तर आक्काला आणायला कमी आणि दाजींना बघायला जास्त.

पोचलो त्या दिवशी शनिवार होता. दाजी चावडीमागं चौघांत बसून शिंदी पीत होते आणि हसत होते. मला बघून म्हणाले, "या पाव्हणं! कुणाची नक्कल आणली सांगलीवनं?" मी व्हिस्कीवाला केला. दाजींच्या डोळ्याला हसून पाणी आलं. मला वाटलं, आक्का उगीच घाबरतीय.

दुसऱ्या दिवशी रविवार. दिवस कलला तसे दाजी मेंढरांच्या वाड्यामागं जाऊन एकटे बसले. पलटणीतला पत्र्याचा मग, शेजारी बाटली, तळाला चार बोटं राहिलेली. मी भिंतीआडनं बघत होतो. बघत कसला, पाठ करत होतो. घोट बारीक. रडणं बिनआवाजाचं. पाणी हनुवटीवरनं टपकतंय, पण पुसत नाहीत. आणि मधनंच तो मग उजव्या हाताला जरा लांब धरायचे, शेजारी कुणी बसलाय आणि त्याला देतोय असा. थोडा वेळ तसाच धरायचे, मग परत तोंडाला लावायचे. मी मनात म्हणलं, हे झकास! हा हात गिरणीत टाळी घेणार.

परत घरात आलो तर आक्का चुलीपुढं बसली होती.

"बघितलंस?" म्हणाली. "ती मेली रम लई वंगाळ. शिंदी पिल्यावर कसं हसत्यात, बघितलंस न्हवं? रम पोटात गेली की संपलं. परवा तर हिरीच्या काठावर जाऊन बसलं हुतं. म्या हाक मारली तर वळून सुदिक बघितलं न्हाई. मी कशी येऊ रं पंचमीला? मागारी आल्यावर माणूस दिसंल का मला?"

त्यातनंच तिनं आणखी एक सांगितलं. दोन कोसावरच्या वाडीतला एक म्हातारा दर बाजारादिवशी यायचा. त्याचा एकुलता एक पोरगा दाजींच्याच पलटणीत, दाजींच्याच शेजारी. तो तिकडंच गेला. सरकारची तार आली, पण तारेत काय असतंय? पोरगा कसा गेला एवढंच म्हाताऱ्याला दाजींकडनं ऐकायचं होतं. आणि म्हातारा लांबनं दिसला की दाजी मागल्या दारानं निघून जायचे. म्हातारा कट्ट्यावर बसायचा, तांब्याभर पाणी प्यायचा, "आज बी न्हाई व्हय घरात," म्हणायचा आणि जायचा.

आक्का म्हणाली, "आता एकच बाटली ऱ्हायलीया. ट्रंकंत हाय, तळाला, पलटणीत पायाला गुंडाळत्यात त्या पट्टीत ठेवलीया. ती पुढल्या आयतवारी निगंल. तू एवढा सोंगाड्या, मला एवढं करून दे. त्यात दुसरं कायतर भर. रमच न्हाई गेली पोटात, तर रडत्याल कशानं?"

मला हे लयच आवडलं. हुशारी दाखवायला जागा मिळाली.

सोमवारी दाजी मेंढरांमागं गेले. आम्ही ट्रंक उघडली. लोकरीची जुनी पट्टी, तिचे सात-आठ वेढे, आत बाटली, बुचावर मेण. बाकीच्या बाटल्यांवर कागद चिकटवलेला असायचा, हिच्यावर नव्हता. आता लिहिताना हात थांबतोय, पण तेव्हा मी हे सगळं बघूनसुद्धा काही विचारलं नाही. उकिरड्यावर नेऊन ओतली. मग काढा केला. चहाची पूड, गूळ, कडवटपणाला काडेचिराईत, घसा जळायला सुंठ, वर चार लवंगा. रंग हुबेहूब. रमचा वास बाटलीला होताच. बूच लावलं, मेण लावलं, पट्टी जशीच्या तशी गुंडाळली. आक्का हसली. त्या चार दिवसांत तेवढी एकदाच हसली.

बुधवारी बाजार. म्हातारा आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, अंगानं काटकुळा. दाजी नेमके दारातच मेंढीच्या पायातला काटा काढत बसलेले, हातात मेंढी, उठता येईना.

म्हातारा कट्ट्यावर टेकला. पाणी मागितलं नाही. म्हणाला, "पोरा, कसा गेला ते मी आता इचारत न्हाई. तुला सांगवत न्हाई, मला दिसतंय. एकच सांग. त्येच्या शेवटल्या कागदात हुतं, आबा, तुज्यासाठनं एक चीज साठवतोय, येताना आणतो. वाचून दावणाऱ्या मास्तराला बी कळलं न्हाई काय ते. ती चीज काय हुती रं?"

दाजींनी मेंढी सोडली. उठले. घरात गेले. ट्रंकेची कडी वाजली.

आक्का दारात होती, मी दाराशी. पट्टीत गुंडाळलेलं ते आणि तो पत्र्याचा मग घेऊन दाजी आमच्या दोघांच्या मधनं बाहेर गेले. आक्कानं पदर तोंडात धरला. मला वाटलं ओरडावं, पण तोंड उघडंना. एवढं चालणारं माझं तोंड.

दाजी म्हाताऱ्यापुढं बसले. "आबा, ही. तुमी जलमभर शिंदी पिलासा, तुमाला एकदा पलटणीतली पाजायची म्हणून त्येनं आपली रोजची रम ह्यात साठवली. पंधरा-ईस दिस. लोकं त्येला हसायची. म्या बी हसायचो."

म्हाताऱ्यानं बाटलीवरनं हात फिरवला, मेंढराच्या पाठीवरनं फिरवावा तसा. दाजींनी मगात ओतून दिली. म्हाताऱ्यानं घोट घेतला आणि डोळे मिटले. "कडू हाय," म्हणाला. "मागनं ग्वाड लागती. घसा धरती. लई कडक हाय गड्या." आणि हातातला मग दाजींकडं दिला.

दाजींनी घोट घेतला.

मी दाजींच्या तोंडाकडंच बघत होतो. घोट तोंडात तसाच राहिला. त्यांनी मान वळवली, आधी आक्काकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्त. मग गिळला. हाताच्या पालथ्यानं मिशा पुसल्या आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "व्हय आबा. कडकच हाय."

आणि मग ते बोलायला लागले. काढ्यावर. नदीचा काठ होता. थंडी होती. पहाटं पोराला गोळी लागली आणि दुपारपतूर जीव होता. दाजींचा हात धरून होता. "शेवटाला वळखत न्हवता मला. त्येला वाटलं घरीच हाय. म्हणला, मेंढरं आत घेतली का? म्या म्हणलं, घेतली. तवा गप झाला."

म्हाताऱ्यानं खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. मग म्हणाला, "बरं केलंस. न्हायतर त्येला झोप न्हाई लागायची."

दुसरा मग झाला, तिसरा झाला. म्हाताऱ्याचे कान लाल झाले. जीभ जड झाली. पोरगा लहानपणी कोकराला सदरा घालायचा ते सांगून हसला, आणि हसता हसता रडायला लागला, बिनआवाजाचा, हनुवटीवरनं पाणी. रमनं रडू येतं हे त्यालाही ठाऊकच होतं, साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. उठताना झोक गेला. मी पुढं होऊन धरलं, तर म्हणाला, "पाव्हणं, चढली वं मला. पोराची चढली."

मी नकलाकार माणूस. खोटी चढलेली मला लांबनं कळते. ही खोटी नव्हती.

त्या तेलवाल्या म्हाताऱ्याचं सगळं शास्त्र त्या कट्ट्यावर संपलं. शिंदी दाजी चौघांत प्यायचे, म्हणून हसायचे. रम ते त्या गेलेल्या दोस्ताबरोबर प्यायचे, म्हणून हातातला मग लांब धरायचे. बाटलीत काय आहे त्याचा काहीच संबंध नव्हता. हे मला कळलं तेव्हा बाटलीतलं खरं काय होतं ते उकिरड्यात मुरून दोन दिवस झाले होते.

दाजी म्हाताऱ्याला ओढ्यापर्यंत पोचवून आले. एरवी मला "पाव्हणं, तुमी" म्हणणारा माणूस. आल्या आल्या माझी मानगूट धरून वाड्यामागं नेलं. आक्का मधी पडायला आली. "त्येचा दोष न्हाई, उकिरड्यावर वत म्हणून म्याच सांगितलं हुतं!"

"तू आत जा," दाजी म्हणाले. मग माझ्याकडं वळले. आवाज चढवला नाही, तेच वाईट.

"थंडीनं दात वाजायचं आमचं. आमी आमचं माप गटागट पिऊन मोकळं व्हायचो. ह्यो आपलं बाटलीत वतायचा आन् बूच लावायचा. रोज. म्या ती समुद्रावरनं आणली. प्यायचं लई मन झालं तरी कवा बूच काढलं न्हाई. म्हाताऱ्यापुढं जायची छाती हुईना म्हणून नुसती ट्रंकंत ठेवली, एवढाच माजा गुन्हा. आन् तू उकिरड्यावर वतलीस?"

"दाजी, मला म्हाईत न्हवतं..."

"तुला सगळ्यांचं आवाज म्हाईत, चाल म्हाईत, हात कसा धरत्यात त्ये म्हाईत. भिंतीआडनं बघत हुतास न्हवं? मग कुणासाठनं धरतोय, एवढं इचारायला काय झालं हुतं रं तोंडाला?"

दाजींनी मानगूट सोडली.

"लेकानं साठवल्याली रम त्या म्हाताऱ्याच्या व्हटाला लागली न्हाई, आन् त्येला ते कदी कळायचं न्हाई. तुला कळणार. मरूस्तवर. आन् गिरणीत जाऊन ह्या म्हाताऱ्याची नक्कल केलीस, तर ह्या घराची पायरी चढू नगंस."

"न्हाई करत."

"माजी बी."

"न्हाई."

दाजी वळले, दोन पावलं गेले आणि परत आले.

"बाटली निम्मी ऱ्हायलीया. पुढल्या बाजारी येतो म्हणलाय. त्येच्या पुढल्या बी. लवंगा किती घातल्यास?"

"चार."

"ध्येनात ठेव. तुज्या आक्काला बी नीट सांगून ठेव. तेवढ्याच घालायच्या, दर खेपंला. चव बदललेली म्हाताऱ्याला कळली, तर तुजं तंगडं मोडून हातात दीन."