सारवलेल्या भिंती आणि कुसुमताई

महिन्यापूर्वी कुसुमताईंच्या भाचीचा फोन आला. "मावशी गेली हो..." नव्वदी ओलांडलेलं माणूस कधीतरी जायचंच, हे कळत होतं, तरी फोन ठेवल्यावर मला काही सुचेना. त्या नसत्या तर माझी लेक या जगात नसती, हे मी उगीच म्हणत नाही.

पन्नासच्या दशकातली चिखली म्हणजे ज्वारीची शेतं आणि मातीची घरं. मी एकोणीस वर्षांची. पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यापासून दिवसाआड हीव भरायचं. चार गोधड्या घेतल्या तरी दात वाजायचे. मुलगा झाला तो एवढासा, तिसऱ्या दिवशी गेला. "नजर लागली," सासूबाई म्हणाल्या. मीही तेच धरून बसले.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा कुसुमताई सरकारी नर्स म्हणून गावात नव्याने आल्या होत्या. सायकलवर फिरणारी बाई आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. तोंडाने भारी फटकळ. माझी हकिगत ऐकून म्हणाल्या, "नजर कसली? हिवताप तो. त्याचे जंतू पोटातल्या वारेत ठाण मांडतात आणि पोराच्या तोंडचा घास अडवतात." माझं पोर माझ्याच पोटात उपाशी होतं... त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यांनी मागे लागून गावात डासांच्या औषधाची फवारणी करवून घेतली. भिंतींवर पांढरे डाग पडले. दिवाळी तोंडावर, अशा भिंती कोण ठेवील? सासूबाईंनी आणि मी शेणामातीने झकास सारवल्या आणि मोठ्या हौसेने ताईंना दाखवल्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, औषध गाडून टाकलंत! आता डास मरायचा कशाने?"

मी कोपऱ्यात सरकले. पण जरा वेळाने त्याच म्हणाल्या, "चूक माझी. सारवायचं नाही, हे मी सांगितलंच नाही." सरकारी माणसाच्या तोंडून असं मी तेवढंच ऐकलं. एका घरासाठी फवारणीवाले परत येईनात, तेव्हा ताईंनी पंप मागून आणला, तोंडाला पदर गुंडाळला आणि स्वतः भिंती फवारल्या. दर आठवड्याला कडू गोळी मी गिळेपर्यंत त्या समोरून हलत नसत.

"कडू औषधानं पोर पडतंय, बाई. न्हाई द्यायचं," सासूबाई कुरकुरायच्या.

"पडलं तर माझ्या नावाने बोंबला. तापाने गेलेली मी पाहिलीत."

माघात लेक झाली, चांगली सहा पौंडांची. ताईंनी वही उघडली. "कितवं बाळंतपण?"

"पहिलंच," सासूबाई म्हणाल्या. गेलेलं तान्हं मोजायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी सावकाश 'दुसरं' असं लिहिलं. "तोही होताच की गं," म्हणाल्या. तेव्हा मी त्याच्यासाठी पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

परवा ताईंच्या भाचीला भेटायला गेले. तिने सहज विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" इतकी वर्षं मी एकच सांगत आले.

"दोन. मुलगा आणि मुलगी."

"मुलगा कुठे असतो?"

"तीनच दिवस होता," म्हणाले... आणि त्याचं नाक माझ्यासारखं होतं, हेही सांगितलं.