चाळीस कार्डं आणि कांताबाईचं एक

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी कोणी मागवत नाही, तरी साठतात: पुठ्ठ्याचे रिकामे खोके आणि किस्से. खोके दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाला घेऊन जातो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून मीच अधूनमधून वाटून टाकतो.

नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर आमची बियाण्याची कंपनी. मी तिथं एक्स्पोर्टच्या टेबलावर. आमच्याकडं शेडनेटमध्ये टोमॅटो-मिरचीचं संकरित बी तयार होतं आणि परदेशात जातं. त्याच्या मागोमाग दर डिसेंबरला चाळीस ख्रिसमस कार्डं जातात, हातानं लिहिलेली. लिहिणारे आम्ही सगळी अंबड-परतूरकडच्या शेतकऱ्यांची पोरं. ख्रिसमसशी आमचा संबंध बेकरीतल्या केकपुरता. पण गेल्या डिसेंबरात वाटूरच्या अठ्ठावीस बायांचं काम टिकणार की जाणार, हे यातल्या एका कार्डावर येऊन थांबलं होतं. तिथं येतोच. आधी आमचे प्रताप ऐका.

*

कार्डांची टूम साहेबांची. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. एकदा प्रदर्शनासाठी हॉलंडला गेले आणि तिथं एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसात दोरीवर टांगलेली कार्डं पाहून आले. आल्या आल्या मीटिंग.

"छापील बिलकुल न्हाई पाठवायचं. व्हॉट्सॲप तर न्हाईच न्हाई. हातानं लिहायचं, मनापासून लिहायचं. अन् ज्याला लिहून राह्यलो त्याच्याबद्दल दोन ओळी पाहिजेत. त्याबिगर मी सही करणार न्हाई."

माझ्या वाट्याला डेन्मार्कचा एक म्हातारा व्यापारी आला. त्याला मिरचीचं बी लागतं, यापलीकडं मला त्याच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. मनापासून लिहायचं ते काय? शेवटी माझे आजोबा सोयऱ्यांना लिहायचे तसंच लिहून टाकलं, फक्त इंग्रजीत. तब्येत कशी आहे, गुडघे दुखतात का, तिकडं पाऊसपाणी कसं आहे, जनावरं बरी आहेत ना, घरातल्या लहानथोरांना नमस्कार सांगा.

साहेब वाचता वाचता थांबले. "गुडघे?"

"साहेब, बहात्तर वय आहे त्यांचं. दुखतच असणार."

साहेबांनी विचार केला आणि सही केली.

फेब्रुवारीत उत्तर आलं, चार पानी. दीड पान डाव्या गुडघ्यावर, एक पान पावसावर आणि उरलेलं सगळं एका गाईवर. शेवटी लिहिलं होतं की इतकी वर्षं धंदा केला, पण असं कोणी विचारलं नव्हतं. साहेबांनी ते पत्र लॅमिनेट करून रिसेप्शनला लावलं. तेव्हापासून आख्ख्या ऑफिसात मी 'गुडघेवाला'.

*

आमच्या डिस्पॅचला म्हस्केभाऊ आहेत. पार्सल बांधण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात सापडायचा नाही. एका वर्षी त्यांनी चाळीसही कार्डांच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं आणि मगच पाकिटं बंद केली. आम्हाला पत्ताच नाही.

फ्रान्समधल्या कंपनीनं पाकीट उघडलं आणि टेबलावर पिवळी-लाल पूड सांडली. आता ती माणसंही बियाण्यातलीच. परदेशातून आलेली अनोळखी पूड म्हटल्यावर त्यांनी कार्ड पिशवीत सील केलं, नंबर टाकला आणि लॅबला पाठवून दिलं. पंधरा दिवसांनी आम्हाला रीतसर रिपोर्ट आला: 'सदर नमुन्यात पिकांना घातक असा कोणताही रोग आढळला नाही.' खाली एक ओळ होती, 'तुम्हालाही नाताळच्या शुभेच्छा.'

साहेब तापले. म्हस्केभाऊंना बोलावलं.

म्हस्केभाऊ शांत. "साहेब, शुभ काम हाय. कोरं कसं पाठवायचं?"

म्हस्केभाऊंनी रिपोर्टची प्रिंट मागून घेतली. ती आजही त्यांच्या देवघरात आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात आणि म्हणतात, "आपलं कुंकू युरोपात पास झालं."

*

या सगळ्या उद्योगाला शिस्त लावणारा माणूस म्हणजे साळवे सर. आमच्या बियाणे तपासणी लॅबचे प्रमुख, आणि ऑफिसातले एकटे ख्रिस्ती. आमचं प्रत्येक कार्ड त्यांच्या लाल पेनाखालून जातं. "हे वाढदिवसाला लिहितात." "हे मयतीला लिहितात." "हे कुणालाच लिहू नका." असे शेरे मारून ते कार्ड परत करतात. आम्ही शाळेतल्या पोरांसारखे पुन्हा लिहितो.

एका डिसेंबरात चहा पिता पिता म्हस्केभाऊंनी त्यांना सहज विचारलं, "सर, आजवर आपल्या ऑफिसानं तुमाला दिल्यालं सगळ्यात चांगलं कार्ड कोणतं?"

"मला कुठं दिलं?" सर म्हणाले. "मी तपासतो."

आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. अकरा वर्षं! हॉलंड झालं, डेन्मार्क झालं, आणि ज्याचा सण तो माणूस आमच्या शेजारच्या खोलीत बसून आमच्या चुका काढत होता. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी कार्ड लिहायला घेतलं. इंग्रजीत लिहिलं तर तपासायला त्यांच्याकडंच न्यावं लागणार, म्हणून मराठीत लिहिलं. 'सर, तुम्ही लॉट नापास करता तेव्हा आम्ही तुमच्या नावानं बोटं मोडतो. पण तुमच्यामुळं आजवर एकाही शेतकऱ्यापुढं आम्हाला मान खाली घालावी लागली नाही. नाताळ सुखाचा होवो.' खाली सतरा सह्या.

सरांनी ते उभ्यानंच वाचलं. सवयीनं खिशातलं लाल पेन काढलं, टोपण उघडलं. पुन्हा एकदा वाचलं. मग टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि म्हणाले, "पास."

आणि मायक्रोस्कोपकडं तोंड करून बसले.

*

आता गेल्या वर्षाचं.

वाटूरच्या आठ शेडनेटमध्ये टोमॅटोचं जे बी होतं ते सगळं हॉलंडच्या एका कंपनीला जातं. तिथल्या खरेदीच्या प्रमुख इंग्रिड मॅडम. हे काम भारी नाजूक. मादी झाडाची कळी उमलायच्या आधी उघडायची, आतला नराचा पिवळा भाग चिमट्यानं काढायचा आणि मग दुसऱ्या जातीचा पराग लावायचा. नराचा कणभर भाग आत राहिला तरी बी बिघडतं. वाटूरच्या अठ्ठावीस बाया हे काम करतात; त्यांच्यातलीच एक कांताबाई, त्यांची मुकादम. दोन एकर कोरडवाहूवर ज्यांचं भागत नाही अशा घरांतल्या या बाया. पोरांच्या शाळा या चिमट्यावर चालतात.

नोव्हेंबरात मॅडमचा मेल आला. मागचा लॉट शुद्धतेत नापास. वाटूरला पुढच्या वर्षी काम द्यायचं की नाही ते जानेवारीत कळवू.

आमच्या ऑफिसनं खुलासा पाठवला, 'बदलत्या हवामानामुळे'. आजकाल काहीही बिघडलं की हवामान आहेच. मॅडमचं त्यावर उत्तर आलं नाही. आता मध्ये फक्त ख्रिसमस कार्ड उरलं होतं.

"असं लिहा की बाई विरघळली पाहिजे," साहेब म्हणाले आणि स्वतःच सांगायला बसले. प्रदीर्घ व्यावसायिक संबंध, परस्पर विश्वास, उज्ज्वल भविष्य. कार्डाच्या दोन्ही बाजू भरल्या.

साळवे सरांनी ते वाचून परत दिलं. "हे कार्ड न्हाई, टेंडर आहे."

*

त्याच आठवड्यात कांताबाई नव्या चिमट्यांसाठी ऑफिसात आली. माझ्या टेबलावर कार्ड पडलेलं होतं. ते कोणाला जातंय आणि ऑफिसनं हवामानाचं काय कळवलंय, हे ऐकल्यावर खुर्ची ओढून बसली.

"भाऊ, लिव्हा. मी सांगते."

मी लिहायला लागलो.

"बाई, हवा बराबर होती. चूक माझी हाय. पोरीचं बाळंतपण होतं, मी सहा दिवस परतूरला गेल्ते. कुणाला सांगितलं न्हाई. नव्या पोरींच्या हातात चिमटा देऊन गेल्ते, त्यान्ला अजून सराव न्हवता. कळ्यांत नर ऱ्हाऊन गेला. काम बंद करायचं आसंल तर माझं करा. ह्या सत्तावीस जणींचं करू नका. मला नातू झालाय. तुमचा बी सण सुखाचा होवो."

आता हे जसंच्या तसं कसं पाठवायचं? ऑफिसनं तर हवामान सांगितलेलं. मी इंग्रजीत जरा मऊ करून लिहिलं आणि म्हणालो, झालं. कांताबाईनं कार्ड उचललं आणि सरळ लॅबमध्ये गेली. "सर, ह्यात काय लिव्हलंय ते मला मराठीत वाचून दावा."

सरांनी वाचलं, "कौटुंबिक कारणामुळे देखरेखीत काही काळ घट झाली."

कांताबाई दारातून माझ्याकडं बघत म्हणाली, "हे कोण बोललं? मी तर न्हाई बोलले."

माझं तोंड एवढंसं झालं. सरांनी नवं कार्ड काढलं, तिला पुन्हा सांगायला लावलं आणि तिचा शब्द न् शब्द स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहिला. खाली तिचा अंगठा घेतला. मी ते सहीला घेऊन गेलो, मागोमाग कांताबाई.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला. "हे गेलं तर आपला हवामानाचा खुलासा खोटा ठरतो."

"मंग?" कांताबाई म्हणाली. "खोटाच हाय की तो."

साहेब स्वतः शेतकऱ्याच्या घरातले, पहिलं बी त्यांनी सायकलवर विकलेलं. ते कांताबाईकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. माझ्याकडं बघायचं काही कारण नव्हतं. मग त्यांनी सही केली, तिच्या अंगठ्याशेजारी जागा करून. मला आमच्या साहेबांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

म्हस्केभाऊंनी विचारलं, "कुंकू लावू का?"

साहेब म्हणाले, "लावा."

*

जानेवारीत मेल आला नाही. जानेवारीच्या शेवटी इंग्रिड मॅडमच आल्या.

वाटूरला शेडनेटच्या दारात साहेब फाईल उघडून उभे. मॅडमनं फाईलकडं पाहिलंच नाही. पहिला प्रश्न, "कांताबाई कोण?" दुसरा प्रश्न, "नातू कसा आहे?"

मी भाषांतर केलं. कांताबाई म्हणाली, "रांगून राह्यला." आणि मॅडमचं मनगट धरून त्यांना आत झाडांच्या ओळीत घेऊन गेली. हातात चिमटा दिला, समोर दहा कळ्या दाखवल्या. "बाईला म्हणावं, कागदावर लई तपासलं. आता करून बघा."

बाकीच्या सत्तावीस बायांचे हात थांबले. मॅडम वाकल्या. घाम पुसत, चष्मा सावरत त्यांनी दहा कळ्या पुऱ्या केल्या. चांगला पाऊण तास लागला. कांताबाईनं एकेक कळी डोळ्याजवळ धरून पाहिली, त्यातल्या चार खुडल्या आणि मॅडमच्या तळहातावर ठेवल्या.

"ह्या चार फेल."

साहेबांनी डोळ्यांनीच मला सांगितलं, हे सांगू नको. मी शब्दाला शब्द सांगितलं.

मॅडमनं त्या चार कळ्या पुन्हा पुन्हा निरखल्या, वहीच्या पानात ठेवल्या, वही मिटली. मग विचारलं, यंदा आठ नेट आहेत, पुढच्या वर्षी बारा जमतील का?

मी मराठीत सांगितलं. सगळ्या बाया कांताबाईकडं बघायला लागल्या. तिनं मॅडमच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि पदराला पुसला.

"जमतील म्हणावं. पण चिमटा आमच्याच हातात ऱ्हाईल."