बॉबिनभाऊंची जाडजूड पाकिटं

साठी ओलांडल्यावर बॉबिनभाऊंना प्रेमरोग जडला, अशी आमच्या गल्लीत बातमी होती. दर आठवड्याला पोस्टात जाऊन ते परगावच्या एका बाईला जाडजूड पाकीट पाठवतात आणि काउंटरवरच्या माणसाला "दुमडू नका हो" म्हणून बजावतात. बातमी पसरवण्यात माझा वाटा मोठा, हे कबूल करते; खिडकी रस्त्याकडे असली की अंगावर काही जबाबदाऱ्या येतातच. पण बातमी खोटी निघाली. पाकिटात असायची शिलाई मशीनच्या पोटातली चित्रं. ती बाई शिवणवर्ग चालवते. तिच्याकडे अकरा जुनी मशिनं, त्यातली निम्मी कायम रुसलेली. हे मला बॉबिनभाऊंच्या बायकोनंच, आमच्या वहिनींनी, हसत हसत सांगितलं. माझा पार विरस झाला.

भाऊ शिलाई मशिनं दुरुस्त करतात. जिन्याखालची खोली हेच दुकान. गिऱ्हाईक नसलं की खोललेल्या मशीनचं चित्र काढत बसायचे: कुठला स्क्रू आधी, कुठला नंतर, खालचा दोरा नेमका कुठे अडकतो. मशिनं बनवणारे कारखाने बंद पडले, सुटे भाग मिळेनासे झाले, चित्रं मात्र वाढत गेली. पुतणीनं ती त्यांच्या नावाची साइट काढून इंटरनेटवर लावली. त्याला ना कोणाची परवानगी लागली, ना वशिला. बड्या बड्या कंपन्यांच्या साइट ज्या वेगानं उघडायच्या, त्याच वेगानं जिन्याखालचे बॉबिनभाऊही उघडायचे. कुठले कुठले लोक प्रश्न विचारत आणि हे एका बोटानं टाइप करून उत्तरं देत. वहिनी म्हणायच्या, "घरात विचारलं तर हूं की चूं नाही, आणि परक्यांना दोन-दोन पानं."

मग फोन कंपनीची माणसं आली. मोफत इंटरनेट देणार म्हणाली, फक्त सरकारला पाठवायच्या अर्जावर लोकांच्या सह्या हव्या होत्या. तोवर नियम होता की सगळ्या साइटना सारखंच वागवायचं. कंपनीला तो नियम काढायचा होता. हे कागदाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. वर ठळक अक्षरांत होतं 'मोफत'. भाऊंची लेक लांब राहते, तिचं तोंड रोज फुकटात दिसणार होतं. भाऊंनी पहिली सही ठोकली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण तो कागद घेऊन ते दारोदार फिरले. एक स्क्रू तीनदा तपासणारा हा माणूस मला म्हणाला, "अहो बाई, फुकट मिळतंय, त्यात वाचायचं काय?" मीही केली सही. वाचत बसले असते तर समोरच्या खिडकीतलं भांडण चुकलं असतं.

नियम गेला. आता कंपनीच्या यादीतल्या साइट फुकट आणि झटकन उघडतात. बाकीच्यांसाठी वेगळा पॅक घ्यायचा, तरी त्या रखडतच येतात. लेकीचं तोंड दिसतं, नाही असं नाही. पण एके दिवशी शिवणवर्गाच्या बाईंचा फोन आला.

"दादा, तुमची साइट बंद पडली का हो?"

"साइट चालू आहे ताई. वाट बंद झाली. मीच केली."

त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. मग बसले चित्रं हातानं पुन्हा काढायला. "प्रिंट काढा की," मी म्हटलं, तर म्हणाले, "प्रिंटमध्ये बारीक दाते बुजतात." मला ते स्वतःला शिक्षा केल्यासारखंच वाटतं. या एका बाईंचा पत्ता तरी मिळाला. बाकीचे विचारणारे कुठले, कोण, काहीच माहीत नाही. त्यांची मशिनं कुठेतरी धूळ खात असतील, असं भाऊ म्हणतात आणि ब्रश धुवायला उठतात.

गेल्या आठवड्यात कंपनीचा माणूस परत आला. मी तेव्हा दुकानात होते. ऐकायला मिळावं म्हणून घरातलं धडधाकट मशीन दुरुस्तीला नेलं होतं.

"काका, एवढा फॉर्म भरा," तो म्हणाला. "तुमची साइट यादीत घेतो, तीही मोफत. फक्त तिच्यावर दुसऱ्या कारागिरांच्या साइटच्या लिंक आहेत ना, तेवढ्या काढा. ते यादीत नाहीत."

वहिनी जिन्यावरून म्हणाल्या, "भरा हो. त्या बाईंची सोय होईल आणि तुमची बोटंही सुटतील."

भाऊंनी भिंग काढलं. फॉर्म पुढून वाचला, मागून वाचला. पेन उघडलं आणि तळाच्या बारीक अक्षरांवर पुन्हा भिंग धरलं. मला राहवेना. म्हटलं, "भाऊ, एका सहीचं तर काम."

त्यांनी पेन मिटलं, फॉर्म त्या माणसाला परत दिला आणि म्हणाले, "माझ्या दारात कोणी यायचं हे ठरवायचा हक्क मीच तुम्हाला सही करून दिला. दुसऱ्यांच्या दाराचा देणार नाही."