दवाखान्यानं जनाला माफ केलं

पळसदरीच्या वरच्या अंगाला ठाकरांची वीसेक घरं होती, आणि त्या वीस घरांत गोमाइतका फुशारकी मारणारा दुसरा माणूस नव्हता. कड्याच्या पोटातली आग्यामोहोळं काढायची हा त्याचा धंदा. वेलाच्या दोराला लोंबकळून, एका पायाची बोटं कपारीत रोवून, दुसऱ्या पायानं म्हणे तो माश्यांना सलाम ठोकायचा. हे त्यानंच सांगितलेलं, तेव्हा त्यातलं निम्मं सोडून द्यायचं. पण उरलेलं निम्मंही काही थोडं नव्हतं.

वरून दोर धरायचा तो बायकोच्या भावानं, अशी तिथली रीत. सख्ख्या भावावर कुणी भरवसा टाकत नसे. मेहुणा मात्र दोर सोडायचा नाही, कारण सोडला तर बहीण परत त्याच्याच चुलीपाशी येऊन बसणार. म्हणून गोमाचा दोर लडकूच्या हातात असे, आणि लडकूची बहीण जना नवऱ्याला भाकरी वाढताना बजावायची, "माझ्याशी नीट बोलायचं रं. दोर माझ्या भावाच्या हातात हाय." सगळी वाडी हसायची, आणि सगळ्यांत मोठ्यानं गोमा हसायचा.

या गोमाला जांघेत अंतर्गळ होतं. तो ते लपवून ठेवी, म्हणजे वाडीतल्या लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं. एकोणीसशे सत्तावीसच्या थंडीत एका सकाळी ते बाहेर आलं आणि काही केल्या आत जाईना. गोमा ओकून ओकून निळा पडला. लडकूनं चार गडी घेतले, घोंगडीची झोळी केली आणि त्याला कर्जतला नेलं.

तिथं कुणा शेठजीनं आईच्या नावानं दवाखाना बांधला होता. आठ खाटा, मुंबईहून आलेले एक डॉक्टरसाहेब आणि शकूबाई नावाची एक नर्स, एवढाच सगळा संसार. खोटं कशाला बोला, डॉक्टरसाहेबांचा हात चांगला होता. भूल देऊन त्यांनी गोमाचं पोट शिवलं आणि दुपारच्या आत त्याला खाटेवर आणून टाकलं. गोमा मेला नाही तो त्या हातामुळं.

जना दारात बसून होती. दोन-चार दिवस घराबाहेर राहायचं म्हणजे वाडीतली बाई आपल्या चुलीतले चार निखारे राखेत दाबून मडक्यातून बरोबर घेते. परक्या घरी विस्तव मागत फिरायला तिला लाज वाटते. तसं जनानंही घेतलं होतं. शकूबाईनं ते बघितलं आणि अशी ओरडली की आठही खाटा जाग्या झाल्या. विस्तव आत आणायचा नाही, आणि रोग्याच्या अंथरुणाला बोटसुद्धा लावायचं नाही. जनानं मुकाट्यानं मडकं अंगणातल्या चिंचेखाली नेऊन ठेवलं आणि दोन्ही हात पदरात घालून परत दारात बसली.

भुलीत गोमाचं अंग गार पडलं होतं. शकूबाईनं चिनी मातीच्या दोन बाटल्या उकळत्या पाण्यानं भरल्या, जाड फलाटीनच्या कापडात गुंडाळून छातीशी धरून आणल्या आणि गोमाच्या पायांशी ब्लँकेटात सारल्या. इथवर सगळं ठीक होतं. पण त्या दिवशी पलीकडच्या खाटेवर शेठजींचा भाचा ताप घेऊन आला होता, आणि ताप कमी, हाका जास्त. त्यालाही शेक हवा होता. दुसरं कापड कुठं धुवायला गेलेलं. शकूबाईनं चटकन ब्लँकेटात हात घातला, गोमाच्या बाटल्यांवरचं कापड ओढून काढलं आणि "आलेच मी" म्हणत तिकडं गेली.

जनानं ते बघितलं. तिचा हात पदरातून बाहेर आला आणि परत आत गेला. जन्मभर विस्तवाशी खेळलेली बाई ती, कुठलं भांडं किती तापलंय हे लांबून सांगणारी. पण अंथरुणाला बोट लावू नको म्हणून तिला बजावलं होतं, आणि एवढ्या शिकल्यासवरल्या बाईला आपण काय सांगावं, असंही तिच्या मनात आलं. शकूबाई लवकर आली नाही. भुलीतला माणूस ओरडत नाही. वास आला तेव्हा जना धावली.

पोट बाराव्या दिवशी भरून आलं. पायांना तीन महिने लागले, आणि त्यात उजव्या पायाची तीन बोटं गेली. डाव्या टाचेचा तर खड्डाच झाला. कपारीत रोवायला आता गोमाजवळ काही उरलं नाही.

घरी निघताना डॉक्टरसाहेबांनी एक कागद दिला. पळसदरीच्या मास्तरनं तो वाचला, थांबला, चष्मा पुसून परत वाचला. कागदात लिहिलं होतं की डोंगरी लोकांच्या रिवाजाप्रमाणे रोग्याच्या बायकोनं कोणास न विचारता खाटेखाली निखाऱ्याचं मडकं ठेवलं आणि त्यामुळं पाय भाजले.

मडकं तर सगळ्यांनी बघितलं होतं. लडकूबरोबरच्या गड्यांनी बघितलं होतं, झाडूवाल्यानं बघितलं होतं. कापड मात्र एकट्या जनानं बघितलं. झालं. वाडीला वर्षभर पुरेल असा विषय मिळाला. कोंडी म्हणाली, जनाच्या घरी रताळी नेऊ नका गं, ती माणसंच भाजते. जैतू म्हणाला, भावानं दोर सोडला नाही म्हणून बहिणीनं दुसरी वाट काढली. बोलणारे वाईट नव्हते. आपल्या घरी जेवायला बोलावून हीच माणसं जनाला आधी वाढत. पण अशी गंमत कुणाला सोडवते?

जनानं ते चार-आठ दिवस ऐकलं. मग ती पायी कर्जतला गेली. तिला पैसा नको होता, शिक्षा नको होती. त्या कागदावर खरं लिहून हवं होतं, की हे हिनं केलेलं नाही. डॉक्टरसाहेब तिच्याशी चांगलं बोलले, आणि तेच वाईट झालं. रागावले असते तर तिला भांडता आलं असतं.

"तुला पोलिसात दिलं का?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"दंड केला?"

"नाय, सायेब."

"मग झालं तर. दवाखान्यानं तुला माफ केलं आहे. घरी जा आणि त्याची काळजी घे."

जना तिथून मामलेदाराच्या कचेरीत गेली. बाहेर अर्ज लिहिणारा बसला होता. त्यानं पान चघळत सगळं ऐकलं आणि साक्षीदार कोण ते विचारलं. जनानं नर्सबाईचं नाव सांगितलं. त्यानं पान थुंकलं आणि दौतीचं झाकण लावून टाकलं.

शेवटी ती शकूबाईच्या खोलीवर गेली. शकूबाईनं तिला आत ओढून दार लावलं. खोलीत एक आंधळी म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, शकूबाईची आई. शकूबाई बाराव्या वर्षी विधवा झालेली. चार वर्षं खपून ती हे काम शिकली होती आणि त्या दोघींचं पोट त्यावर चालत होतं. तिनं एकही खोटा शब्द काढला नाही. कापड आपण काढलं, डॉक्टरांना ते सांगितलं, आणि त्यांनी दाराकडं बघून तोंड बंद ठेवायला सांगितलं, हे सगळं ती भडाभडा बोलली. मग तिनं वाकून जनाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मला शंभर वेळा पाया पडायला सांग," ती म्हणाली. "पण हे बाहेर बोलायला सांगू नकोस गं."

उभ्या आयुष्यात जनाच्या पाया कुणी पडलं नव्हतं. आता पडलं ते बंद दाराआड, आणि साक्षीला आंधळी. जना चढण चढून घरी आली.

घरी गोमा ओट्यावर पाय पसरून बसला होता. आलागेला पाय बघायला येई, आणि गोमा त्याला सांगे, हे आमच्या हिनं केलं. पूर्वी कड्याच्या गोष्टी सांगायचा त्याच तोंडानं. फक्त आता त्यातलं निम्मं कुणी सोडून देत नव्हतं. त्या दिवशी ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं. जना त्याच्यासमोर बसली. कापडाचं, कागदाचं, शकूबाईचं सगळं तिनं पहिल्यापासून सांगितलं. जगानं मानलं नाही तरी चालेल, तू मान, एवढंच तिचं मागणं होतं.

गोमानं पसरलेले पाय जवळ ओढून घेतले.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

"काय ठावं हाय?"

"तू नाय केलं ते. तू इस्तवाला अशी चुकनार नाय."

"मंग लोकांना सांगतोस काय ते?"

"त्या सायबाला मी काय बोलू गं? त्यो आयकंल? माज्या पोटात आग पडलीय, ती कुटं तरी टाकाय पायजे. तुला बोललं तर निदान तू हितं असतीस."

कागद खोटा होता म्हणून जना कर्जतपर्यंत गेली होती. हा खरं बोलत होता, आता कुठं जाणार?

तेवढ्यात खालून शेलूचा नागू वर आला. लांबचा पाहुणा, गोमाच्या मधाचं जुनं गिऱ्हाईक. त्याला काही ठाऊक नव्हतं. पाय बघून तो मटकन बसला आणि हे कसं काय झालं म्हणून विचारू लागला. गोमानं तोंड उघडलं, पण या वेळी त्याला शब्द फुटेना. तो जनाकडं बघत राहिला.

जनानं पाहुण्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"माज्या हातून झालं," ती म्हणाली. "खाटंखाली इस्तव ठेवला मी."

नागू दुपारी डोंगर उतरला. दिवस मावळायच्या आत पळसदरी स्टेशनाच्या बाकावर बातमी पोचली होती, की इतक्या महिन्यांनी का होईना, ठाकरीण कबूल झाली. मास्तर म्हणाला, कागद खोटं बोलत नसतो.